गाडी थांबते तिथे
(वसंत व्याख्यानमालेत डोंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरने चोरांपासून स्वतःला कसं सांभाळावं, हा विषय डोंबिवलीकरांपुढे कशाला, असं पत्रिका वाचून काहींना वाटलं असेल. पण तुमच्या दाराशी येणारं पार्सल बहुतेक वेळा भिवंडीच्या एखाद्या गोदामातून येतं आणि त्या गोदामापर्यंत ते कोणीतरी रात्र-रात्र जागून आणलेलं असतं. मालवाहतुकीच्या विम्याचे दावे तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. माल लुटला गेल्याचा फोन आला की शेठ, पार्टी, विमा कंपनी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असे : ड्रायव्हर कुठाय? त्याला लागलंय का, या काळजीने नव्हे. त्यानेच माल विकला असेल, या संशयाने. म्हणजे ड्रायव्हरला दोघांपासून जपायचं असतं, चोरापासून आणि चोर ठरवणाऱ्यांपासून.

चालती गाडी लुटणं कठीण असतं. कसाऱ्याच्या घाटात भरलेली गाडी चढावर माणसाच्या चालीने जाते, तेव्हा मागून चढून ताडपत्री फाडणारे असतात, हे खरं. पण बाकी बहुतेक प्रकार गाडी उभी असताना घडतात. झोपेत टाकीतलं डिझेल काढलं जातं, स्टेपनी जाते, सील तुटतं, केबिनची काच फुटते. तेव्हा विचारायचं ते हे, की गाडी थांबते कुठे आणि तिथेच का?

इथे आपला संबंध येतो. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ती असावी, याबद्दल माझं दुमत नाही. घोडबंदर रोडवर सकाळी शाळेच्या बसशेजारून कंटेनर धावू नये. पण बंदी घालताना आपण त्या गाड्या शहराबाहेर अडवल्या आणि पुढचा विचार केला नाही. न्हावा-शेवाहून गुजरातला निघालेली गाडी मुंब्रा बायपास किंवा शिळफाट्याला अडकते. नाशिककडून आलेली मानकोली, रांजणोली, पडघा इथे कडेला लागते. दिवा नाही, संडास नाही, पहारा नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरहून निघालेली गाडी ७०१ किलोमीटर पार करून थेट भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाशी उतरू लागली. रस्ता झाला, वेळ वाचला. वाचलेला वेळ ड्रायव्हर गोदामाच्या बंद फाटकाबाहेर काढतो.

जुने उस्ताद नव्या पोरांना सांगायचे : झोपायचं तर पंपावर, जिथे उजेड आहे आणि आणखी चार गाड्या आहेत. गाडीत काय भरलंय, हे ढाब्यावर सांगायचं नाही. रस्त्यात सवारी घ्यायची नाही. टाकीला कुलूप आणि जाळी. काचेवर अंडं फुटलं तर वायपर लावायचा नाही, कारण मग समोरचं काहीच दिसत नाही. उजेडाची जागा येईपर्यंत हळूहळू चालवत राहायचं. हे सगळं योग्यच. पण माणूस फसतो तो दगडाने कमी, गोड बोलण्याने जास्त.

सप्टेंबर २०१८मध्ये भोपाळ पोलिसांनी मंडीदीपच्या एका शिंप्याला पकडलं. दिवसा हा शिलाई मशीनवर बसे. रात्री ढाब्यावर ड्रायव्हरशी गप्पा मारून खाण्यापिण्यातून गुंगीचं औषध देई, मग टोळीतली माणसं गळा आवळत, मृतदेह कुठेतरी टाकून गाडी आणि माल विकत. २०१०पासून ३३ ड्रायव्हर-क्लीनर मारल्याची कबुली त्याने दिली, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. प्रकरणाचे धागे महाराष्ट्रातही पोचले होते. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन, त्याच्या कागदपत्रांतले ठगसुद्धा आधी वाटसरूंशी दोस्ती करत. एकटा माणूस, अनोळखी मुलूख, घरच्या भाषेत बोलणारा कोणी भेटला की तो विरघळतोच. त्याला बावळट म्हणण्याआधी आपण कधी आठ दिवस एकट्याने जेवलोय का, ते आठवावं.

दुसरी युक्ती वर्दीची. आंध्रात ओंगोलजवळ एका टोळीने २००८च्या सुमारास अधिकारी असल्याची बतावणी करून लोखंड भरलेल्या गाड्या थांबवल्या आणि आतल्या माणसांना मारलं. तिथल्या न्यायालयाने २०२१मध्ये १२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. तोतयाची भीती असेल तर इंजिन बंद न करता, काच दोन बोटं खाली घेऊन ओळखपत्र मागावं आणि "साहेब, पुढच्या टोलनाक्यावर उजेडात कागद दाखवतो" म्हणावं. सल्ला बरोबर आहे, पण समोरचा खरा साहेब निघाला तर? आपल्याकडे खऱ्या वर्दीलाही प्रश्न विचारायची सोय नसते, म्हणून खोटी वर्दी चालते.

आणि एवढं करूनही लुटलं गेलंच, तर हद्दीचा घोळ सुरू होतो. न्हावा-शेवा ते चिंचोटी हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. तेवढ्यात नवी मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर वसई-विरार अशी तीन आयुक्तालयं लागतात. नाशिकच्या वाटेवर पडघ्याला ठाणे ग्रामीणची हद्द आणि घाट चढला की नाशिक ग्रामीणची. "घटना आमच्याकडे नाही" हे वाक्य फिर्यादीला पूर्वी घरी पाठवायला पुरत असे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ने ती पळवाट बंद केली : दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने, हद्द कुठलीही असो, नोंदवायची आणि प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. ११२ला फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. "ढाब्याच्या पुढे" म्हटलं तर असे पन्नास ढाबे असतात.

आणि माणसं मोजावीत. चौघांनी धाक दाखवून लुटलं तर ती जबरी चोरी, पाच किंवा अधिक असतील तर दरोडा. शिक्षेत मोठा फरक पडतो. घाबरलेला ड्रायव्हर "बरेच जण होते" म्हणतो, नंतर आकडा बदलतो आणि तो बदललेला आकडाच त्याच्यावरच्या संशयाचा पुरावा होतो. मालवाहकाने विश्वासघात केला तर न्याय संहितेच्या कलम ३१६खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून हा संशय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निघताना सीलचा आणि बिल्टीचा फोटो काढून घरी पाठवून ठेवणारा ड्रायव्हर मला नेहमी शहाणा वाटला. फोन चोरीला जातो, बायकोच्या फोनमधला फोटो राहतो.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. गोदामवाल्यांपैकी कोणी सभागृहात असतील तर सुरुवात त्यांनीच करावी : पहाटे अडीचला पोचलेली गाडी तुमचा दरवान फाटकाच्या आत घेतो का?