चढणीचा मासा आणि एक छोटा पर



मिरगाचा पहिला पाऊस पडला, व्हाळाला लाल पाणी आलं की पोटात गाबोळी घेतलेले मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. आमच्या सिंधुदुर्गात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. मी ज्या माशांबद्दल बोलणार आहे, तेही चढणीचेच. मात्र त्यांची चढण शेताच्या बांधापाशी संपत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात रेडफिश नावाचं तळं आहे. तिथे जन्मलेला सॉकाय सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला सुमारे १,४५० किलोमीटर नदी चढून, समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० मीटर उंचीवरच्या त्याच तळ्यात परत येतो. आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण त्या दोघांचं काही नातं नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं सिएटलजवळ होतो. लहानपणी कर्ली नदीवर बांबूच्या काठीला गरी बांधून गरवायला जायचो, ती ओढ तिथेही सुटली नाही. हिवाळ्यात पहाटे स्कायकोमिश नदीवर, गोल्ड बार गावाच्या आसपास काठावर उभा राहायचो. बोटं बधिर व्हायची. तिथे येतो तो मुख्यतः स्टीलहेड. हा खरं म्हणजे रेनबो ट्राउटच. इंग्रजांनी आणून हिमाचलात आणि काश्मिरात रुजवली तीच ही जात. फरक एवढाच की, स्टीलहेड समुद्रात जाऊन, मोठा होऊन येतो. पॅसिफिकमधले सामन अंडी घातली की मरतात. स्टीलहेडमधले काही वाचतात, पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा चढतात.

काठावरून गरवणाऱ्याला आधी पाणी वाचावं लागतं. पाऊस थांबून नदी उतरणीला लागली, गढूळपणा जाऊन पाण्याला हिरवट झाक आली की तो दिवस चांगला. खळाळत्या धारेत मासा थांबत नाही, कारण तिथे त्याची ताकद जाते. साचलेल्या डोहातही तो सहसा नसतो. जलद आणि संथ पाण्याची जिथे सांध असते, जिथलं पाणी माणूस सावकाश चालावा तसं वाहतं, तिथे तो दम खातो. तंगुसाला शिशाचा छोटा तुकडा आणि त्यापुढे गरीला सामनची मुरवलेली गाबोळी. वरच्या बाजूला फेकायचं आणि वाहत येऊ द्यायचं. शिसं तळाच्या गोट्यांवर टक् टक् करत येतं, ते काठीतून हाताला कळतं. टकटक थांबली तर एक तर ते गोट्यात अडकलं, नाही तर माशाने तोंडात घेतलं. तासन्‌तास आपण फक्त नदीच्या तळाला स्पर्श करत असतो. मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

मासा काठाशी आला की आधी पाठ बघायची. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक छोटा, मांसल, काटे नसलेला पर असतो. हौदात वाढवलेल्या पिल्लांचा तो सोडण्याआधी कापतात. पर नसेल तर मासा हौदातला, तो घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर मासा नदीत जन्मलेला, तो सोडायचा. तोही पाण्याबाहेर पूर्ण न उचलता. त्या भागातल्या स्टीलहेडची नोंद २००७ साली धोक्यातल्या माशांत झाली आहे.

हे हौद आले कुठून? त्यांचा मोठा भाग धरणांच्या मोबदल्यात आला. कोलंबिया नदीवरचं ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये पूर्ण झालं. त्याला माशांसाठी वाटच ठेवली नाही, आणि वरची शेकडो किलोमीटर नदी सामनला कायमची बंद झाली. नदी घेतली आणि बदल्यात मासे दिले, असा तो व्यवहार होता. मला तो मुळातच खोटा वाटतो. ऑरेगॉनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, हौदात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशाची नदीत प्रजा वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मोजायला मासे मिळतात, पण चढण अंगात राहत नाही.

आता एल्व्हा नदीबद्दल सांगतो, कारण आज आलो आहे तो त्यासाठी. वॉशिंग्टन राज्यातली ही छोटी नदी. तिच्यावरचं पहिलं धरण १९१३ चं, समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर. दुसरं १९२७ चं. दोन्हींना माशांसाठी वाट नव्हती. काठावरच्या क्लॅलम लोकांचं अन्न आणि त्यांची पवित्र स्थळं त्यात गेली. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा केला. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं पाडली.

धरणांच्या वर रेनबो ट्राउट राहिले होते. त्यांचे पूर्वज समुद्रात जाणारे. शंभर वर्षं, किती पिढ्या, त्यांच्यापैकी वर परतलेला एकही नाही. भिंत गेली, आणि त्यांच्यातले काही खाली समुद्राकडे निघाले. उन्हाळ्यात चढणारा स्टीलहेड एल्व्हातून जवळजवळ संपला होता. तो आता परत आला आहे, आणि त्याचं जनुकीय मूळ वर कोंडलेल्या त्याच ट्राउटमध्ये सापडलं. त्याच्यासाठी हौद बांधला नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये क्लॅलम लोकांनी तिथे पुन्हा कोहो सामन धरला.

इतर कोणाला तिथे गरवायला बंदी होती. मीही रिकाम्या हाताने गेलो. जुन्या तलावाच्या जागी कोवळी झाडं वाढली होती. एका वळणाशी, जिथे पाणी सावकाश चालणाऱ्या माणसासारखं वाहत होतं, तिथे मी बराच वेळ बसलो. तळाशी तीन करड्या पाठी होत्या, तोंडं वरच्या दिशेला. थोड्या वेळाने त्यांतली एक पुढे सरकली आणि फेसात दिसेनाशी झाली.