डीमॉनेटाइज आणि जोगलटेंभीची नाणी



‘डीमॉनेटाइज’ हे इंग्रजी क्रियापद ८ नोव्हेंबर २०१६ पर्यंत अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू यायचे. त्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. लोक ‘नोटाबंदी’ म्हणाले, सरकारी मराठीत ‘निश्चलनीकरण’ आले. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या आपल्या नाशिकरोडला तर हा शब्द घरचाच झाला.

‘डीमॉनेटाइज’चे मूळ रोमचे. तिथल्या कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो देवीचे देऊळ होते; ‘मोनेटा’ हे तिचे बिरूद. देवळालगत टांकसाळ होती, म्हणून लॅटिनमध्ये टांकसाळीला आणि पुढे नाण्यालाही ‘मोनेटा’ म्हणू लागले. इंग्रजीतले ‘मनी’ आणि ‘मिंट’ त्याच घराण्यातले. फ्रेंचांनी त्याला नकाराचा उपसर्ग लावून क्रियापद घडवले, इंग्रजीने ते एकोणिसाव्या शतकात उचलले. तेव्हा ते चांदीसारख्या धातूचे चलनातले स्थान काढून घेण्याला लावत, मग नोटांना लावू लागले. आता यूट्यूबने एखाद्या व्हिडिओची जाहिरातींची कमाई थांबवली तरी हेच क्रियापद वापरतात. तिन्हीकडे वस्तू तीच राहते, तिच्यामागची मान्यता जाते.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात मात्र एका राजाने जुन्या नाण्यांची मान्यता वेगळ्या रीतीने बदलली. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी नहपान या क्षत्रप राजाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपीतली अक्षरे. गौतमीपुत्र सातकर्णी राजाने नहपानाचा पराभव केला. पण शत्रूची नाणी बाद ठरवून लोकांच्या हातची चांदी त्याने मातीमोल केली नाही. त्यांच्यावरच आपला ठसा पुन्हा मारला. ठेव्यातली ९,००० हून अधिक नाणी अशी दुहेरी ठशाची आहेत. काहींवर सातकर्णीच्या चिन्हांखालून नहपानाचे नाक, कपाळ अजून डोकावते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. सत्ता बदलल्याची वार्ता हातोहात घरोघर गेली, आणि कोणाची पुंजीही बुडाली नाही.

हे आज आपल्याला कळते, कारण ती नाणी वितळली नाहीत. म्हणून शेतकरी बांधवांना विनंती : नांगरताना, विहीर खणताना जुनी नाणी सापडली तर ती सोनाराकडे नेऊ नका, घासूनही काढू नका. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा तेच सांगतो, आणि ज्याला ठेवा सापडतो त्याचा हक्कही तो मानतो.