पहिला पगार आणि पुढील चाळीस वर्षे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात तरुण-तरुणींपुढे केलेले भाषण)



आज या व्यासपीठावर ज्यांचा सत्कार झाला त्यांपैकी बहुतेकजण नुकतेच नोकरीस लागले आहेत, किंवा लवकरच लागतील. त्यांचे अभिनंदन मघाशी पुष्कळ झाले आहे. यास्तव आम्ही त्यात भर घालीत नाही. पैसा मिळविण्याची विद्या त्यांनी संपादन केली. मिळविलेला पैसा राखावा कसा आणि वाढवावा कसा, ही दुसरी विद्या मात्र पदवीबरोबर मिळत नाही. तिची पहिली दोन-तीन पाने आज उघडून दाखवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

चक्रवाढ व्याजाचे उदाहरण तुम्ही सर्वांनी शाळेत सोडविले आहे. गुण मिळाले आणि वही बंद झाली. ती वही आज पुन्हा उघडू. दोन भाऊ आहेत असे समजा. दोघेही बाविसाव्या वर्षी नोकरीस लागले. थोरल्याने दरवर्षअखेर १२,००० रुपये याप्रमाणे दहा वर्षे शिल्लक टाकली. पुढे संसार वाढला म्हणून त्याने नवी भर घातली नाही, परंतु जुन्या रकमेस हातही लावला नाही. धाकट्याची पहिली दहा वर्षे हौसेमौजेत गेली. बत्तिसाव्या वर्षापासून मात्र त्याने साठीपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, न चुकता तेवढीच रक्कम टाकली. व्याज दोघांसही दरसाल ७ टक्के धरा. थोरल्याने पदरचे १,२०,००० रुपये घातले. धाकट्याने ३,३६,००० घातले. साठाव्या वर्षी थोरल्याजवळ सुमारे ११ लाख २ हजार होतात, धाकट्याजवळ सुमारे ९ लाख ६८ हजार! आमच्यावर विश्वास ठेवू नका. घरी गेल्यावर ताळा करून पाहा.

हेच गणित उलटेही चालते. क्रेडिट कार्डाचे देणे थकले की दरमहा ३ टक्के किंवा त्याहून अधिक व्याज लागते. आकडा लहान दिसतो. पण चक्रवाढीने वर्षाकाठी तो ४२ टक्क्यांच्या पुढे जातो. सावकाराच्या व्याजाने गांजलेल्या कुणब्यांनी १८७५ साली सुप्यास उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, हे आपण इतिहासात वाचले. आजचा सावकार दारी येऊन बसत नाही, खिशात बसतो. असे देणे डोक्यावर असेल तर ते फेडणे हीच पहिली बचत होय.

आता क्रम सांगतो. खर्च करून उरले तर शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याजवळ सहसा काही उरत नाही. पगार जमा होईल त्याच दिवशी ठराविक हिस्सा दुसऱ्या खात्यात वळवावा आणि उरलेल्यात महिना काढावा. आरंभी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत हाताशी ठेवावी. नोकरी सुटली, आजार आला, तर कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. त्याचबरोबर आरोग्यविमा घ्यावा, आणि आपल्यावर कोणी अवलंबून असेल तर आयुर्विमाही. नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून खर्चू नये, नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावा. हे सर्व झाल्यावर दूरच्या गुंतवणुकीचा विचार.

पैसा ठेवावा कोठे? टपाल खात्याची बचत बँक १८८२ सालापासून चालू आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, ज्यास सर्वजण पीपीएफ म्हणतात, तो १९६८ साली सुरू झाला. त्याची मुदत १५ वर्षांची. मुदत लांब वाटते, पण थोरल्या भावाचे गणित आठवा. तथापि केवळ सुरक्षितता पाहूनही भागत नाही. महागाई दरसाल ६ टक्के वाढली तर बारा वर्षांत रुपयाचे मोल निम्मे होते. यास्तव काही भाग म्युच्युअल फंडाच्या मार्गाने शेअरबाजारात घालण्यास आमचा विरोध नाही. मात्र तेथील चढउतार माहीत असावा. जानेवारी २०२० मध्ये मुंबईचा सेन्सेक्स ४२ हजारांवर होता. २३ मार्च रोजी तो २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि वर्षअखेर ४७ हजारांच्या वर गेला. ज्यांना एप्रिलमध्ये लग्नासाठी पैसे हवे होते त्यांचे नुकसान झाले. ज्यांना थांबता आले ते तरले. जो पैसा पाच-सात वर्षांत लागणार आहे तो तेथे घालू नये.

बँकेतील ठेवीसंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६० साली पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक बुडाल्या. त्यानंतर १९६२ पासून आपल्या देशात ठेवींस विम्याचे संरक्षण आले. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत प्रत्येक ठेवीदारास मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांसही ते लागू आहे, परंतु पतसंस्थेस नाही. पाटी सुबक असो, पासबुक बँकेसारखे असो. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

आता शेवटचा मुद्दा. तो काहींस रुचणार नाही, तरी याच सभेत बोलणे अवश्य आहे. आमच्या परिचयातील एका विधवा भगिनीने पतीच्या पश्चात आलेली सारी पुंजी एका गृहस्थाच्या योजनेत घातली. पावती मागितली नाही. कारण गृहस्थ आपल्याच ज्ञातीतले, नात्यातले, प्रत्येक कार्यात पुढे असणारे. सहा महिने व्याज वेळेवर आले. पुढे व्याजही गेले आणि मुद्दलही. वाईट याचे वाटते की, तक्रार करावी तर समाजात बोभाटा होईल म्हणून तिला गप्प बसविणारेही आपलेच होते.

ज्ञातीचे नाते सुखदुःखात धावून येण्यासाठी आहे. ते तारण नव्हे. दरमहा ५ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षास जवळजवळ ८० टक्के. एवढा नफा वर्षानुवर्षे देणारा सचोटीचा धंदा कोणता? कोणीही, अगदी मामा-काकांनी जरी योजना आणली, तरी तीन प्रश्न नम्रपणे विचारावे. ही योजना रिझर्व्ह बँकेकडे किंवा सेबीकडे नोंदलेली आहे काय? पैसे संस्थेच्या खात्यात जाणार की व्यक्तीच्या? नफा नेमका कशातून येणार? उत्तर देण्याऐवजी ‘आमच्यावर भरवसा नाही काय?’ असा उलट प्रश्न आला, तर हात जोडून उठावे. त्यात वडीलधाऱ्यांचा अनादर नाही. फसवणूक झालीच तर लपवू नये. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ सालापासून आहे, त्याचा आधार घ्यावा.

वडीलधाऱ्यांसही विनंती आहे. मुलांपुढे पैशाचे बोलू नये ही रीत आता सोडावी. खाती कोठे आहेत, विमा कोणता, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे घरातील मुलास आणि मुलीसही ठाऊक असावे. मुलीच्या मिळकतीचे खाते तिच्या स्वतःच्या नावे असावे आणि त्याचा व्यवहार तिनेच पाहावा. मंडळानेही सत्कारसमारंभास जोडून दरवर्षी एक तास या विषयास द्यावा. खर्च काही नाही.

तरुण मित्रांनो, येत्या पगाराच्या दिवशी पाचशे रुपये का होईना, बाजूस काढा आणि पासबुकाचे पहिले पान सुरू करा. तुमची मिळकत तुमच्या हाती राहो आणि अडल्यानडल्यास चार जणांच्या उपयोगी पडो.