सुतळी बॉम्ब
(१९७७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू एवढे माहितीपट बघतोस, त्यावर चार शब्द बोल,' असं संयोजकांनी सांगितलं. मी बँकेतून निवृत्त झालेला साधा माणूस. बाई, चुकलो तर तोंडी परीक्षेसारखं सांभाळून घ्या.

१९७१ चा डिसेंबर आठवतो? आपण पाचवीत होतो. भोंगा वाजला की सगळं गोरेगाव अंधारात बुडायचं. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. आपल्याला मजा वाटे, अभ्यास बुडायचा ना! पुढे थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट लागला. १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझी सही करताहेत हे पडद्यावर पाहिलं आणि आपण टाळ्या पिटल्या. युद्ध तेरा दिवसांत संपलं, असं इतिहासाच्या पेपरात लिहून मार्कही मिळवले.

आपल्यातल्या एकाच्या घरी मात्र ते संपलं नव्हतं. त्याचे वडील त्या लढाईतून परत आले. हातपाय धड, चेहऱ्यावर ओरखडा नाही. पण दिवाळीत फटाका वाजला की ते मोरीत जाऊन कान झाकून बसायचे. हे आम्हा चार-पाच कार्ट्यांना कळलं आणि आम्ही मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली सुतळी बॉम्ब लावायला लागलो. 'घाबरट फौजी' म्हणून हसायचो. उदबत्ती माझ्या हातात असायची.

बऱ्याच वर्षांनी मी 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट पाहिला. जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने १९४६ साली तो अमेरिकी लष्करासाठीच केला होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, मनाने मोडलेले सैनिक त्यात आहेत. कुणाला चालता येत नाही, कुणाची वाचा अडकली आहे, कुणाला स्वतःचं नाव आठवत नाही. तीसपेक्षा जास्त वर्षं लष्कराने तो लोकांना दाखवू दिला नाही. कारण सैनिकांच्या खाजगीपणाचं दिलं गेलं. ह्यूस्टनचं म्हणणं वेगळं होतं. लढून आलेला माणूस आणखी कणखर होऊन परततो, ही समजूत लष्कराला जपायची होती, असं त्याला वाटे.

तो बघताना मला मोरीतले काका दिसले. ते घाबरट नव्हते. जखमी होते.

आपल्या मुंबईच्या आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर ते कॅमेरा घेऊन पोखरणजवळच्या खेड्यांत गेले, पाकिस्तानात गेले, जपानमध्ये अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना भेटले. सेन्सॉर बोर्डाने कापाकापी सांगितली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये एकही कट न करता चित्रपट दाखवायची मुभा मिळाली. त्यातली मतं कुणाला पटतील, कुणाला नाही. पण हिरोशिमाची म्हातारी माणसं बोलायला लागली की आपण वाद घालायचं विसरतो. वार्तापट आणि माहितीपट यांतला फरक मला तिथे कळला. वार्तापट सहीपाशी थांबतो. चांगला माहितीपट सही झाल्यानंतर माणसाबरोबर त्याच्या घरी जातो.

आपला तो मित्र आज इथे बसला आहे. गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला, हे बोलू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, 'बोल, पण नाव नको.' मग थोडं थांबून म्हणाला, 'बाबा गेले तोवर आम्ही दिवाळीचे चार दिवस गावी जायचो. का, ते तुम्ही कधी विचारलंच नाही.'

मित्रा, पन्नास वर्षं उशीर झालाय. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. काकांची मागायची राहून गेली.

बाकीच्यांना एकच विनंती. तुमच्या घरात, इमारतीत कुणी माजी सैनिक असतील, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. 'किती शत्रू मारले?' असं विचारू नका. 'परत आल्यावर झोप लागायची का?' एवढंच विचारा. ते बोलले तर ऐका, परवानगी दिली तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. गप्प राहिले तर चहा पिऊन या. पुन्हा जा.

आणि येत्या दिवाळीत नातवंडांच्या हातात उदबत्ती देण्याआधी शेजारच्या खिडकीत कोण राहतं, तेवढं बघा.