तुंगभद्रेच्या पैलतीरावर : आनेगुंदी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



विरूपाक्षाचे दर्शन घ्यावे, विठ्ठलमंदिरासमोरच्या दगडी रथापाशी छायाचित्र काढावे आणि संध्याकाळच्या आत होस्पेट गाठावे, हा आपणा मराठी मंडळींचा हंपी पाहण्याचा शिरस्ता. विठ्ठलमंदिराजवळून तुंगभद्रा वाहते आणि तिच्या उत्तर तीरावर आनेगुंदी नावाचे एक खेडे आहे. तेथवर जाणारे फार थोडे. त्या खेड्याविषयी आज बोलावे असे आम्ही योजिले आहे.

कानडीत ‘आने’ म्हणजे हत्ती. गावाच्या नावाचा अर्थ हत्तींचा खड्डा असा सांगतात. हे गाव विजयनगरच्या आधीचे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाच्या फौजांनी कंपिलीचे राज्य बुडविले आणि परंपरेप्रमाणे १३३६ मध्ये विजयनगरची स्थापना झाली, तेव्हा आनेगुंदी येथे नांदतच होती. पुढे १५६५ च्या लढाईनंतर दक्षिण तीरावरची राजधानी ओस पडली. उत्तर तीरावर मात्र आजही भातशेती आहे, केळीच्या बागा आहेत, विजयनगरच्या काळी काढलेल्या कालव्यांचे पाणी या परिसरात अजून खेळते. हंपीत इतिहास पाहावयास मिळतो, आनेगुंदीत तो राहतो, असे आम्हांस वाटते. इतिहासाचा आणखी एक दुवा आपल्यापैकी मराठवाड्यातील कुटुंबांना जवळचा वाटेल. हा मुलूखही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता आणि १९५६ साली तो तत्कालीन म्हैसूर राज्यात आला.

गावात शिरले की जुनी वेस, रंगनाथाचे मंदिर आणि गगनमहाल नावाची जुनी वास्तू दिसते. नदीकाठी चिंतामणीचे देऊळ आहे. वालीवर रामाने बाण सोडला तो येथून, असे गावकरी श्रद्धेने दाखवितात. हा सारा प्रदेश किष्किंधा मानला जातो. पंपासरोवर आणि शबरीची गुहा पश्चिमेस डोंगराच्या पायथ्याशी. जवळच अंजनाद्री, पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या चढून माथ्यावर गेले की हनुमंताचे पांढरे मंदिर लागते आणि खाली शिळांचे ढीग, हिरवी खाचरे व नदीचे वळण एका दृष्टिक्षेपात येते. हनुमंताचा जन्म येथलाच, असे येथले लोक म्हणतात. तिरुमलचाही तसाच दावा आहे आणि आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीचाही. २०२२ साली यावरून नाशिकला सभा भरून चांगलीच खडाजंगी झाली. ज्याने एका उड्डाणात समुद्र ओलांडला त्याला तीन जन्मस्थाने फारशी जड जाऊ नयेत!

परंतु आमचे मन सर्वांत अधिक रमते ते नववृंदावनात. नदीच्या मधोमध एक बेट आहे आणि त्यावर माध्व संप्रदायातील नऊ यतींच्या समाधी आहेत. मध्वाचार्यांचे साक्षात शिष्य पद्मनाभतीर्थ येथे आहेत. १५३९ साली देह ठेवलेले व्यासतीर्थही येथेच आहेत. व्यासतीर्थांना कृष्णदेवरायाच्या दरबारी मोठा मान होता आणि पुरंदरदास व कनकदास हे त्यांचे शिष्य. पुरंदरदासांचे मूळ गाव आपला पुरंदर, असे एक मत आहे. कर्नाटकातील अभ्यासक त्यांना तीर्थहळ्ळीकडचे मानतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. त्यांच्या पदांतील मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ ही आहे, एवढे आपणांस पुरे व्हावे. त्यांच्या नावाचा मंडप समोरच्या तीरावर विठ्ठलमंदिराजवळ पाण्याच्या कडेला उभा आहे.

विठ्ठलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरास नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकऱ्यांची परंपरा आहे. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. त्या भव्य मंदिराचा गाभारा मात्र आज रिता आहे आणि मराठी माणूस त्या उंबऱ्याशी जरा अधिक वेळ थांबतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

जुलै २०१९ मध्ये गुप्तधनाच्या हव्यासाने काही जणांनी व्यासतीर्थांचे वृंदावन रात्री फोडले. या बेटावरील पूजेच्या हक्कावरून मठांमठांत न्यायालयापर्यंत गेलेले वाद आहेत. तरीही त्या प्रसंगी निरनिराळ्या मठांचे लोक धावून आले आणि अल्पावधीत वृंदावन पुन्हा उभे राहिले.

आता पुलाविषयी. विजयनगरच्या काळी येथे पूल होता. त्याचे दगडी खांब नदीत आजही ओळीने उभे आहेत. हंपीची स्मारके १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पुढे आनेगुंदीजवळ नवा पूल बांधावयास घेतला, तेव्हा तो स्मारकांच्या परिसरास बाधक ठरेल अशी हरकत आली आणि १९९९ ते २००६ पर्यंत हंपीचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत राहिले. जानेवारी २००९ मध्ये तो बांधकामाधीन पूल कोसळला आणि मजूर प्राणास मुकले. वारसा जपावा, याविषयी दुमत नाही. परंतु आम्ही पाहुणे एका दिवसासाठी जातो. पैलतीरावरची शाळा, दवाखाना, बाजार ही गावकऱ्यांची रोजची गरज आहे. खांबांच्या सौंदर्यावर बोलणाऱ्यांनी त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे काही अंतरावर कडेबागिलु येथे पूल झाला, त्याने अडचण पुष्कळ हलकी झाली.

तळवारघाटावर अजूनही वेताच्या टोपलीसारख्या गोल होड्या दिसतात. कानडीत त्यांना हरिगोलु म्हणतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा; पूर्वी त्यावर कातडे मढवीत, आता प्लॅस्टिकचे कापड आणि डांबर. नावाडी वल्हे एका बाजूने मारतो तरी होडी सरळ जाते. ती कला पाहण्यासारखी आहे. मात्र १९५३ मध्ये पुऱ्या झालेल्या तुंगभद्रा धरणातून पावसाळ्यात पाणी सोडले की घाट बंद होतो आणि नववृंदावनही कधी कधी पाण्याखाली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच धरणाचा एकोणिसावा दरवाजा वाहून गेला, तेव्हा खालच्या गावांनी काही दिवस जीव मुठीत धरून काढले.

मंडळाची पुढील सहल हंपीला नेण्याचा विचार आहे, असे कार्यवाहांकडून समजले. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. दुसरा संपूर्ण दिवस आनेगुंदीसाठी राखून ठेवावा, अंजनाद्री ऊन चढण्यापूर्वी चढून घ्यावी आणि गावातील स्त्रिया केळीच्या सोपटाच्या धाग्यापासून ज्या टोपल्या व पिशव्या विणतात त्या घासाघीस न करता विकत घ्याव्यात. नववृंदावनाला जाताना घाटावर पाण्याची चौकशी आधी करावी. नावाडी नको म्हणाला तर त्याचे ऐकावे.