रोड्स : तीन नगरांचे एक नगर



ग्रीस देशास जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा अथेन्स पाहून परततो. आम्ही आज आपणांस रोड्स बेटावरील त्याच नावाच्या शहरी नेऊ इच्छितो. तुर्कस्तानचा किनारा या बेटापासून अवघा १८ किलोमीटर आहे.

इ. स. पूर्व ४०८ मध्ये लिंडोस, इयालिसोस व कामिरोस या तीन नगरांनी आपापला अभिमान बाजूस सारून बेटाच्या उत्तर टोकास हे शहर वसविले. (तीन शाखांची एक सभा भरविण्यास किती खटपट पडते, हे येथील ज्येष्ठांस सांगावयास नकोच!) पुढे शतकभराने दिमित्रिओस राजाने वर्षभर वेढा दिला आणि अखेर तो उठवून गेला. त्याने मागे टाकलेली युद्धयंत्रे विकून आलेल्या पैशांतून नागरिकांनी सूर्यदेव हेलिओसची सुमारे ३३ मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती उभारली. ती साठ वर्षेही टिकली नाही, भूकंपाने कोसळली. बंदराच्या मुखावर दोन पाय फाकून उभी असलेली तिची चित्रे निव्वळ काल्पनिक होत. मंद्राकी बंदरात आज स्तंभांवर हरणे तेवढी दिसतात.

जुन्या शहराचे तट मात्र खरे आणि भव्य आहेत. संत योहानाच्या पंथाच्या सरदारांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी हे बेट घेतले. ते भाषावार गटांनी राहत. प्रत्येक गटाचे निवासगृह निराळे आणि तटाचा राखावयाचा भागही निराळा. त्यांचा दगडगोट्यांचा रस्ता आजही तसाच आहे. नाजूक चपला घालून तेथे जाऊ नये. त्यांच्या रुग्णालयात आता पुराणवस्तुसंग्रहालय आहे. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानाने सहा महिने वेढा दिल्यावर सरदारांनी शरणागती पत्करली व १५२३ च्या पहिल्याच दिवशी ते जहाजांत बसून निघून गेले. तुर्कांची सत्ता १९१२ पर्यंत, नंतर इटलीची. महायुद्धानंतर बेट ग्रीसकडे आले.

एवढे पाहून बहुतेक प्रवासी दुकानांकडे वळतात. आम्ही आग्रहाने सांगू की, पूर्वेकडील यहुदी मोहल्ल्यात अवश्य जावे. स्पेनमधून १४९२ साली हाकललेल्यांचे वंशज येथे शतकानुशतके आपली जुनी स्पॅनिश बोली बोलत राहिले. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी येथील सोळाशेहून अधिक यहुद्यांस नौकांत कोंबून नेले व पुढे आउश्वित्झ येथे धाडले. त्यांपैकी सुमारे दीडशेच वाचले. तुर्की वकिलातीचे प्रमुख सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी आपल्या देशाशी संबंध दाखवून सुमारे चाळीस जणांस सोडविले, हे नमूद केलेच पाहिजे.

१५७७ सालचे कहाल शालोम हे त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे. तेथे नष्ट झालेल्या घराण्यांची आडनावे दगडावर कोरली आहेत. आपल्या या अंकातही दरवर्षी कुटुंबांची यादी छापतात. ती आम्ही आजवर केवळ पत्ता शोधण्यापुरतीच चाळीत होतो. त्या शिळेपुढे मात्र आम्ही प्रत्येक आडनाव थांबून वाचले.