मिरचीच्या पथारीवरचे पाय

हंगामात नंदुरबारच्या पथाऱ्या लाल होतात. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांचे हात दिवसभर चालतात. पाय मात्र जागचे हलत नाहीत.

पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. ते तासन्‌तास थांबले, की रक्त खाली साचतं. त्यात शिरांतल्या झडपा सैल पडलेल्या असतील, तर शिरा निळसर, वेड्यावाकड्या फुगतात, पाय ठणकतात. गरोदरपणात हे वाढतं.

आराम कशाने? अधूनमधून उठून चालणं, टाचा वरखाली करणं, झोपताना पायांखाली उशी. डॉक्टरांनी सुचवलेले घट्ट मोजे सकाळी, सूज येण्याआधीच चढवावेत.

घोट्याजवळ कातडी काळवंडली, जखम भरेना, तर कलर डॉपलर तपासणी हवी. बिघडलेली शीर लेझरने बंद करता येते. शीर फुटलीच, तर आडवं व्हावं, पाय उंच धरून जागा दाबावी आणि दवाखाना गाठावा.